सांगून निघायचं

माझ्याकडे आलेल्या पेशंटांपैकी सगळ्यात मनमोकळं बोललेला माणूस दाढ काढायला आला होता.

परभणीच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून नोकरी केली, तिथे माझी खोली दातांच्या विभागाला लागून होती. दारं सारखी, पडदे सारखे आणि दोन्ही दारांसमोर मिळून बाक एकच. एका सकाळी एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून आत आले. चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कधीपासून त्रास आहे?"

"लय दिस झाले बाई. झोप न्हाई, जेवण न्हाई."

"कशात मन लागतं का?"

"कशात लागंल हो?"

असं आमचं छान जुळत गेलं. मग मी विचारलं, "लहानपणी घरात कसं होतं? वडील कसे होते?" गृहस्थांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं; पण सरकारी दवाखान्यात विचारतील ते सांगायचं असतं, असा त्यांचा समज असावा. त्यांनी सुरुवात केली. वडील किती कडक, बैल सुटून दुसऱ्याच्या रानात गेला म्हणून यांना कसं उपाशी ठेवलं, आईने पदराखाली लपवून भाकरी कशी आणून दिली. सांगता सांगता माणूस हमसून हमसून रडायला लागला. मी पाणी दिलं. डोळे पुसून ते म्हणाले, "लय हलकं वाटलं बघा." मग रुमाल सोडला, तोंड उघडलं आणि बोट घालून दाखवलं, "ही बघा. वरची, डाव्या अंगाची."

मला हसू आवरत नाही, हा माझा जन्मजात अवगुण. मी हसले, तसे तेही हसायला लागले, गाल धरून, "आई आई गं, हसवू नका" म्हणत. मी स्वतः त्यांना शेजारच्या डॉक्टरांकडे नेऊन सोडलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा माझ्या दारात. म्हणाले, "दाढंचं झालं. आता ते वडलांचं राह्यल्यालं सांगतो."

संपादकांनी अंकासाठी नैराश्यावर काहीतरी वजनदार लिहून मागितलं आहे. बाई निवृत्त झाल्या आहेत, वेळ आहे, लिहितील, असा त्यांचा हिशेब. पण वजनदार लिहायचं म्हणजे आली का पंचाईत. मी वालूरच्या अशा घरात वाढले, जिथे फोडणी करपली तरी आई हसायची आणि वडील त्यावर चिडले की जास्तच हसायची. आम्हा भावंडांपैकी कोणाला रडू आलं, तर मात्र ती हसायची नाही. पोटभर रडू द्यायची, मग नाक पुसून विचारायची, "झालं? आता सांग." एवढ्या भांडवलावर मी सगळी नोकरी केली. कॉलेजात शिकवलेलं बाकीचं सगळं त्यानंतरचं. आणि हो, पुढे येणारी नावं बदललेली आहेत. दाढ तेवढी खरी.

आमचं काम नेमकं काय, हे मला नोकरीभर लोकांना समजावून सांगावं लागलं. गोळ्या डॉक्टर देतात, मी बोलते. "नुसतं बोलण्याचा पगार देतात?" असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत विचारत. नैराश्य झालंय म्हणून आमच्याकडे कोणीही येत नाही. कोणाचं डोकं जड असतं, कोणाचं मन उडालेलं असतं, कोणाला 'उगंच रडू यायलंय.' बरेच जण देवऋषीकडे जाऊन आलेले असतात. दिवसेंदिवस असंच चाललं असेल, तर हे नुसतं दुःख नाही, आजार आहे आणि तो बरा होतो, एवढं पहिल्या भेटीत पटवायचं. मग दर पंधरवड्याला समोरासमोर बसायचं.

खरी गंमत तिथून पुढे. काही भेटी झाल्या की समोरच्या माणसाला मी दिसेनाशीच होते. कोणाला मी आई वाटायला लागते, कोणाला बाप, कोणाला छडीवाले मास्तर. लहानपणी मोठ्यांशी जसं वागून निभावून नेलं, तसंच माणूस माझ्याशी वागायला लागतो. कोणी लाड मागतो, कोणी घाबरतो, कोणी मी रागवायच्या आत स्वतःच रागावून निघून जातो. त्याला ते कळत नसतं. मला कळलं तर इलाज पुढे सरकतो, नाही तर गाडी तिथेच रुतते. म्हणून सकाळी पडदा सरकवताना मी स्वतःलाच विचारायची, आज मी कोणाची कोण?

एक कापडदुकानदार यायचे. शहाण्यासारखे पेशंट. सकाळी फिरायला जा म्हटलं की जायचे, जुन्या मित्राला भेटा म्हटलं की भेटायचे. दर वेळी "एकदम फर्स्टक्लास, मॅडम" म्हणायचे आणि दर वेळी अंगातला शर्ट जास्तच ढगळ झालेला असायचा. जेवत नव्हते, झोपत नव्हते, पण माझ्यासमोर सगळं फर्स्टक्लास. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या वडिलांना तक्रार खपत नसे. ताप आला तरी "बरंय" म्हणायचं, नाही तर कानाखाली बसायची. म्हणजे मी त्यांचा बाप होऊन बसले होते आणि मला पत्ताच नव्हता!

मी त्यांना काम दिलं, की पुढच्या वेळी येताना माझ्याबद्दल एक तक्रार घेऊन यायची. बिचाऱ्यांना घाम फुटला. पुढच्या भेटीत खुर्चीच्या कडेवर बसले. मग वर बघत म्हणाले, "मॅडम, तुमचा पंखा... जरासा... करकर करतो." मी टाळ्याच वाजवल्या! चहा मागवला. चहा आला तर म्हणाले, "गोड लय झाला." मग खुर्ची टोचते म्हणाले. मग म्हणाले, "आन् तुमी मधीच हसता, ते मला आवडत न्हाई." त्या दिवशी माणूस माझ्या खोलीतून ताठ मानेने बाहेर पडला. पुढच्या महिन्यात त्यांची बायको तणतणत आली, "मॅडम, हे काय केलंत? आता हे भाजीला नावं ठेवायलेत!" मी तिचं अभिनंदन केलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

आता गंगासागर.

पिंगळीजवळच्या खेड्यातली ही बाई. घरी शेळ्या-मेंढ्या, तुकडाभर जमीन आणि एरवी दुसऱ्याच्या रानात मजुरी. नवरा ज्ञानोबा, मेंढरांत वाढलेला, मितभाषी, बायकोवर जीव असलेला. तिला माझ्याकडे आणलं तेव्हा ती कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्याआधी एका दुपारी विहिरीच्या काठावर बराच वेळ उभी असलेली शेजारणीला दिसली होती. शेजारीण भली, तिने काही न विचारता हाताला धरून घरी आणली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि बोलण्यासाठी माझ्याकडे पाठवलं.

गोळ्या लागू पडल्या, ती जेवायला लागली, थोडं बोलायला लागली. अडचण भलतीच होती. भेट संपली की मी म्हणायची, "जा, खिडकीवरून औषध घेऊन या." आणि ती खुर्ची सोडायची नाही. दोन्ही हातांनी दांड्या धरून बसायची. "तुमी चला संगं." मी समजावलं, सिस्टरांनी समजावलं, एकदा वॉचमनने समजावलं. उपयोग शून्य. शेवटी मीच तिच्यासोबत औषधाच्या रांगेत उभी राहायला लागले. रांगेतल्या बायका माझी विचारपूस करायच्या, "बाई, तुमाला बी टेन्शन हाय का?"

एक दिवस ती कशीबशी उठली. शेजारच्या टेबलावरून सिस्टरकडून कागद आणायचा होता, चार पावलांवर. तेवढ्यात मला डॉक्टरांनी वॉर्डात बोलावलं आणि मी गेले. ती कागद घेऊन परतली तर खोली रिकामी. ती उंबऱ्यावर बसली आणि तिने असा गळा काढला, की दातांच्या डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली पडला. मी धावत आले. एवढी थोराड बाई सहा वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देत होती. मी पोटभर रडू दिलं. मग तिने सांगितलं.

तिचं माहेर देवगाव फाट्याजवळच्या एका वस्तीवर. आईबाप ऊसतोडीला जायचे, ही आजीजवळ. "दसरा झाला की टोळी निघायची, बाई. फाट्यावर ट्रक हुभा ऱ्हायचा. माय म्हणायची, जाय, मावशीच्या घरून चाळणी घेऊन ये, पीठ चाळायचंय. मी पळत जायची, पळत यायची. यून बघती तर दाराला कडी, आन् आजी वट्ट्यावर बसल्याली."

"दर वर्षी?"

"दर साली. एका साली चाळणी, एका साली इळी."

"मग पुढच्या वर्षी कळलं नाही का, की आई निघणार म्हणून?"

"कळलं व्हतं की. पर मी गेले न्हाई तर मायीला निघता येईना. ती पदर तोंडाला लावून हुभी. मग म्हणलं जाऊ द्या, आणते इळी."

मी हसरी बाई, पण त्या दिवशी आधी माझंच नाक पुसलं.

हे काही निर्दय आईबाप नव्हते. गळ्यात पडून रडणारं लेकरू सोडवून पाऊल उचलत नाही, म्हणून ही युक्ती. वस्तीवरचे सगळेच अशी पोरांची नजर चुकवून निघत. लेकराचं रडू वाचावं, एवढाच हेतू. पण त्या पोरीने त्यातून कायमचं शिकून ठेवलं, की आपण जागा सोडली की आपलं माणूस जातं. म्हणून माझी खुर्ची सुटत नव्हती. आणि दुसरंही माझ्या ध्यानात आलं. बरं वाटतंय असं ती कधी कबूलच करायची नाही; केलं असतं, तर मी म्हणाले असते, "छान, आता नाही आलात तरी चालेल." तिला बरं व्हायचं होतं आणि मलाही जाऊ द्यायचं नव्हतं. दोन्ही एकदम कसं जमणार?

मग आम्ही निरोपाची तालीम सुरू केली. पुस्तकात याला मोठं नाव असेल, आम्ही तालीमच म्हणायचो. बसतानाच सांगायचं की आज इतका वेळ बसणार. उठण्याआधी पुन्हा सांगायचं. मग ती दारापर्यंत जायची, वळून बघायची, मी खुर्चीत असायची. पुन्हा जायची, पुन्हा वळायची, मी आपली तिथेच! मग पाळी उलटी केली. मी निघायचं आणि तिने बघायचं. "गंगासागर, मी चहाला चालले. आता उठले. ही निघाले." आणि ती बसल्या जागेवरून मोठ्याने सांगायची, "उठल्या. पडद्याबाहेर गेल्या. खांबापाशी गेल्या. आता दिसंनात." बाहेरच्या बाकावरचे लोकही त्यात पडले. कोणीतरी ओरडायचं, "इकडं हायेत, इकडं! बशीत चहा वतायलेत!" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, नाटक बसवताय का?" एके दिवशी ती एकटी औषधाच्या रांगेत उभी राहिली आणि गोळ्या घेऊन पळत पळत आली, दारातूनच म्हणाली, "हायेत का?" मी म्हटलं, "आहे की!" आणि आम्ही दोघी खुर्च्यांवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. कशाला हसतोय हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

ती सुधारत होती, पण खरी परीक्षा पुढे होती. तिची एकुलती एक लेक शीतल बारावी झाली होती आणि तिला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. त्या घराण्यातून मेंढरं आणि मजुरी सोडून शिकायला जाणारी ही पहिली मुलगी. आदल्या वर्षी सुट्टीत ती सेलूला शिवणाच्या क्लाससाठी मामाकडे राहायला गेली होती. गंगासागरने अंथरूण धरलं आणि पोरगी थोड्याच दिवसांत परत आली. आता शीतलने आधीच सांगून टाकलं होतं, "आई पडली तर मी न्हाई जायची." म्हणजे लेक गेली तर आई जगते की नाही हा घोर, आणि आई पडली तर लेकीचा जन्म मेंढरांमागे. सोमवारी निघायचं ठरलं होतं. आम्ही त्या सोमवारचीच तयारी करत होतो.

त्याआधीच्या शुक्रवारी ज्ञानोबा बायकोला घेऊन आले. तिला बाकावर बसवलं, आपण एकटेच आत आले आणि पडदा नीट ओढून घेतला.

"बाई, आज हिला जरा जास्ती येळ आत धरून ठिवा. दीड तास जमलं तर लय बरं."

"का हो?"

"पोरगी आजच नांदेडला जायलीय. पिंगळीच्या टेशनावर माहा भाऊ घेऊन बसलाय तिला. हिला ठावं न्हाई."

ते खाली बघत हळूच म्हणाले, "मेंढीच्या म्होरून कोकरू नेलं की दोन-दोन दिस वरडती, बाई. नजर चुकवून नेलं तर सांजपस्तोर इसरती. आमी पिढ्यान्‌पिढ्या तसंच करतोत."

"ज्ञानोबा, गंगासागर मेंढी आहे का?"

त्यांनी खरोखर विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "पर सभाव तसाच गरीब हाय."

मला हसू फुटलं, पण टिकलं नाही. चाळणीची हकिगत तिने नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. माझ्याजवळ ठेवलेली गोष्ट मी त्यांना सांगू शकत नव्हते. आणि इकडे हा भला माणूस, तिच्या भल्यासाठीच, तेच सगळं पुन्हा करायला निघाला होता. या खेपेला चाळणी म्हणून मला वापरायचं ठरलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "तुमच्या मनात चांगलंच आहे. पण हे तिला आत्ता सांगायचं. तुम्ही सांगता की मी?"

त्यांनी पडद्याआडून बाकाकडे बघितलं. "पडली म्हंजी?"

"पडली तर उचलू. आपण दोघं आहोत."

गंगासागरला आत बोलावलं. ज्ञानोबांनी टोपी काढून हातात धरली आणि टोपीला सांगावं तसं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले. बोटं पांढरी झाली. मला वाटलं, संपलं. इतक्या महिन्यांचं सगळं पाण्यात. मी फोन पुढे केला, "शीतलशी बोला."

"फोनवर न्हाई," ती म्हणाली. "गाडी कितीची हाय?"

"तासाभरात यील," ज्ञानोबा म्हणाले.

आणि ती उठली. उठली म्हणजे काय, सुटलीच! माझा पडदा कड्यांसकट खाली आला. लहानपणी मावशीच्या घरून चाळणी घेऊन पळणारी पोर ती, तिला कोण गाठणार? मागे ज्ञानोबा, त्यांच्या मागे मी, चपला हातात घेऊन. पेशंटसोबत रेल्वे स्टेशनवर जाणं नोकरीच्या कोणत्याच नियमात बसत नाही, हे मला दवाखान्याच्या फाटकापर्यंत आठवत होतं. त्यानंतर आठवेनासं झालं. जाता जाता मी दातांच्या डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "माझे पेशंट आले तर बसवून ठेवा! तोंडं उघडायला लावू नका!"

ज्ञानोबांची मोटारसायकल तिघांना झेपेना. रिक्षा केली. ज्ञानोबा भावाला फोन लावत होते, तो लागत नव्हता. रिक्षावाला आरशातून तिचं रडणं बघून हळहळला. "कोण गेलं, मावशी?"

"कोणी न्हाई. लेक नांदेडला शिकायला जायलीय."

"मंग रडायलाव कामून?"

"रडू द्या की! तुमी रिक्षा हाणा!"

पिंगळीच्या अलीकडे रस्ताभर मेंढरं. पांढरा-काळा पूर नुसता. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला, मेंढरं ढिम्म हलत नव्हती. गंगासागर उतरली. पदर खोचला, जिभेने टाळूवर असा काही टकटक आवाज काढला, हात पसरले आणि दोन पावलांत पुढची मेंढी वळवली. ती वळली तशी सगळी वळली. रस्ता मोकळा! मेंढरांचा मालक ओळखीचा निघाला, तो बांधावरून ओरडला, "वैनी, कुठं निघालाव एवढ्या बिगीनं?"

"लेकीला घालवायला!" ती ओरडली. आणि रिक्षात बसता बसता आपल्याच तोंडून काय निघालं याचं नवल वाटून माझ्याकडे बघत राहिली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा माझा अंबाडा सुटला होता आणि एक चप्पल रिक्षातच राहिली होती. फलाटावर शीतल बॅगेवर बसलेली, शेजारी काका. आईला बघितलं आणि पोरगी रंगेहाथ पकडल्यासारखी उभी राहिली. "आई, मी न्हाई जात. मी न्हाई जात, तू रडू नको!"

गंगासागरला धाप लागली होती. ती पोरीसमोर जाऊन उभी राहिली. "जायचं," ती म्हणाली. "फकस्त मला बघू दे."

मग मायलेकी गळ्यात पडून अशा रडल्या, की काकांनी तोंड फिरवलं आणि ज्ञानोबांनी टोपी पुन्हा काढली. मी घाईघाईने स्टेशनमास्तरांच्या खिडकीशी गेले. "गाडी किती वेळात?"

"कुठली वो? ती अजून परभणीच्याच टेशनात हुभी हाय."

माझ्या खोलीपासून परभणी स्टेशन रिक्षाने दहा मिनिटं! नांदेडची गाडी परभणीहूनच पिंगळीला येते, हे मला काय माहीत नव्हतं? जी गाडी गाठायला आम्ही मेंढरं वळवत आलो, ती आमच्या मागेच आरामात उभी होती. मी फलाटावर बसले आणि पोट धरून हसले. ज्ञानोबांना वाटलं, बाईंनाच काहीतरी झालं.

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब निरोप. आधी रडून झालं. मग सूचना झाल्या: कोणाकडून काही खायचं नाही, फोन रोज करायचा, डोक्याला तेल लावायचं. सूचना संपल्या, गाडी नाही. पुन्हा थोडं रडून झालं, पण पहिल्याइतका जोर नव्हता. मग भूक लागली, म्हणून नांदेडसाठी बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली. काका झोपले. मायलेकींचं घोंगडीवरून वाजलं. आई म्हणे ने, पोरगी म्हणे होस्टेलात लाज वाटंल. ज्ञानोबा मध्ये बोलायला गेले, तर दोघी मिळून त्यांच्यावर घसरल्या, "सोमवारचं शुक्रवार कुणी केलं?" ज्ञानोबा उठून लांब जाऊन बसले. गाडी नाही. शेवटी गंगासागर कमरेवर हात ठेवून रुळांच्या कडेला गेली आणि परभणीच्या दिशेने बघत म्हणाली, "ह्या मेल्या गाडीला काय झालं? पोरीला उशीर व्हायलाय!"

शीतल आणि मी एकमेकींकडे बघितलं. दोघींना हसू आलं आणि तिसरीला कळेना की या का हसायल्यात.

गाडी आली. गंगासागरने स्वतः बॅग वर चढवली. शीतल दारात उभी, आई खाली. गाडी हलली. ज्ञानोबा बायकोच्या मागे हात पसरून तयार, आता पडते की मग पडते. ती पडली नाही. पळालीही नाही. नुसती बघत उभी राहिली. पोरीचा हात, मग ओढणी, मग दार, मग डबा, मग सगळी गाडीच लहान होत होत पुढच्या मिरखेल स्टेशनच्या बाजूला दिसेनाशी झाली. तरी ती बघतच होती.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "माणूस एकदम नसतंच व्हतं. हे तर हळूहळू बारीक व्हत जातं की!"

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्या दिवसापासून तिला बरं नव्हतं. ती रडली, दोन दिवस चूल पेटवली नाही, ज्ञानोबांनी घाबरून मला फोनही केला. आजार काही एका गाडीबरोबर नांदेडला निघून जात नाही. पण ती भिंतीकडे तोंड करून झोपली नाही आणि लेकीला परतही बोलावलं नाही. गोळ्या चालू राहिल्या, आमच्या भेटी चालू राहिल्या. मग भेटींमधलं अंतर वाढत गेलं.

आमच्या धंद्यातली एक खंत सांगायची तर ही, की बरा झालेला माणूस येणं बंद करतो. त्यात चूक काहीच नाही. बरं झाल्यावर दवाखान्यात कोण कशाला येईल? पण आम्हाला मात्र कळत नाही, की तो सुखात आहे म्हणून येत नाही, की आणखी काही झालं म्हणून. कापडदुकानदार असेच एक दिवस यायचे थांबले. कितीतरी जण असेच गेले. मीही सवयीने पुढच्या नावाला हाक मारत राहिले.

गंगासागर आली ती बाजाराच्या दिवशी. हातात केसपेपर नव्हता. बसली नाही.

"गोळ्या डॉक्टरनं बंद केल्यात. शीतल दिवाळीला येणार हाय. मी आता न्हाई येणार, बाई. तेवढं सांगायला आले."

"एवढ्यासाठी पिंगळीहून आलात?"

"मंग? न सांगता कसं जावं?"

मी तिच्यासोबत दारापर्यंत गेले. ती बाकाजवळून गेली, खांबापाशी गेली, वळली, हात केला. औषधाच्या खिडकीपाशी रांग होती, ती रांगेच्या बाजूने पुढे गेली. फाटकातून बाहेर पडली. रस्त्यावरच्या गर्दीत तिचं हिरवं लुगडं बराच वेळ दिसत होतं. मी बघत उभी राहिले. मागे बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, माहा नंबर हाय." मी म्हटलं, "जरा थांबा. अजून दिसतेय."